हेइशा : अर्थ आणि उपयोग

कामिनोसावाच्या वाचनालयात वरच्या मजल्यावर दर बुधवारी दुपारी शब्दकोश मंडळाची बैठक भरत असे. गावच्या बोलीतले शब्द विरून जायच्या आत गोळा करायचे आणि त्यांचा कोश छापायचा, असं ते काम तीन वर्षं चाललं होतं. अध्यक्ष होते ओरिगासा तेइजी. बासष्ट वर्षांचे, हायस्कूलचे निवृत्त मुख्याध्यापक, गावातल्या सगळ्यात जुन्या कापडपेढीच्या घरातले. गाव त्यांना सर म्हणे. सभासद दोन. एक निवृत्त पोस्टमास्तर ओबोनाई, त्यांना ऐकायला कमी येई आणि म्हणून ते स्वतः फार मोठ्याने बोलत. दुसऱ्या सभासद टेकडीवरच्या देवळातल्या पुजाऱ्यांच्या पत्नी, त्यांना सगळे देवळाच्या काकू म्हणत. आणि चिटणीस होती शिराटो फुसाए, वाचनालयाची ग्रंथपाल. लग्न केलं नव्हतं, वय पंचावन्न.

फुसाए तीन वर्षं सरांना चहा देत आली होती. बाकीच्यांना वाफाळता चहा मिळे, सरांचा कप जरा आधीच भरून ठेवलेला असे. सरांनी कधी तक्रार केली नाही. त्यांना वाटे, बाई भोळी आहे, वेळेचं भान नाही.

त्या बुधवारी छापखान्याकडून शब्दांची कच्ची यादी आली होती. ओबोनाईंनी चष्मा वर केला आणि हसायला लागले.

"हे बघा. छापखान्याच्या पोराने काय घातलंय. हेइशा म्हणजे 'आमची छोटीशी कंपनी'. पत्राच्या शेवटी लिहितात तसं."

उच्चार एकच, अक्षरं वेगळी. एक हेइशा व्यापारी माणूस स्वतःच्या कंपनीबद्दल नम्रपणे बोलताना वापरतो. दुसऱ्या हेइशाचा अर्थ शिपायांनी राहायचं घर, म्हणजे बराक. पोराने रोजच्या सवयीची अक्षरं जुळवली होती.

सरही हसले. "दुरुस्ती करायची गरज नाही. शब्दच काढून टाका. बराक म्हणजे बराक. कुठल्याही कोशात सापडेल. आपला कोश गावच्या खास बोलीचा."

"आपल्या गावात त्याचा अर्थ निराळा होता, सर," फुसाए म्हणाली.

तिघांच्याही माना तिच्याकडे वळल्या. चिटणीस सहसा बोलत नसे.

"निराळा म्हणजे?"

"घराला म्हणत नव्हते. माणसांना म्हणत होते."

सरांनी पेन्सिल खाली ठेवली, वर्गात ठेवत असतील तशीच, सावकाश. "मग नियमाप्रमाणे कार्डं आणा, शिराटोबाई. कानांनी ऐकलेलं वाक्य. कोण बोललं, कुठे, कोणत्या साली. बोलणाऱ्याशिवाय वाक्य म्हणजे पोरकं मूल, हे मी पहिल्या दिवसापासून सांगतोय."

"आणते," फुसाए म्हणाली.

*

फुसाए सात वर्षांची होती तेव्हा युद्ध हरल्यावर मांचुरियातून हाकललेल्यांच्या जहाजातून आईबरोबर या गावी आली. वडील सैबेरियात कुठेतरी राहिले, पत्र आलं नाही. अशा परतून आलेल्या लोकांना राहायला गावाने वेशीबाहेरची पलटणीची बराक दिली. शिपाई गेले होते, त्यांची लांबच लांब लाकडी घरं मोकळी होती. दोऱ्या बांधून त्यांवर चटया टाकल्या आणि एकेका घरात बारा कुटुंबं बसवली. हिवाळ्यात फटीतून आत बर्फ येई आणि सकाळी पांघरुणावर पांढरी रेघ दिसे.

गाव त्यांना 'परतलेले' म्हणत नव्हतं. 'हेइशा' म्हणत होतं. हेइशा आली, हेइशाला वास येतो, हेइशाशी खेळू नकोस. शाळेच्या फाटकाशी एका आईने आपल्या मुलीला ओढून नेताना म्हटलेलं वाक्य फुसाएला अजून जसंच्या तसं ऐकू येई.

आई, कियोनो, शिवण उत्तम करी. मांचुरियात तिने अधिकाऱ्यांच्या बायकांचे किमोनो शिवले होते. कुठल्याही लांबीरुंदीच्या बाईला एकदा डोळ्यांनी पाहिलं की मोजपट्टी लागत नसे. ओरिगासांच्या पेढीवर ही बातमी गेली आणि तिथल्या मालकीणबाईंनी आपल्या लेकीच्या, मिसाओच्या, लग्नाचा किमोनो तिच्याकडे शिवायला दिला. फिक्या जांभळ्या रेशमावर पांढरे सारस. तो ताका आईने दोन हातांवर असा घरी आणला की जणू झोपलेलं बाळ. चटईवर धुतलेली चादर अंथरली, मग त्यावर ठेवला.

कापायच्या आधी मालकीणबाईंनी निरोप पाठवला: अस्तर बघायला ताका परत आणा. आईने नेऊन दिला. पेढीच्या मागच्या खोलीत ठेवून आली. दोन दिवसांनी ताका तिथे नव्हता.

पोलीस चौकीतले दोन शिपाई, पेढीचे तीन नोकर आणि घरातली माणसं अशी सगळी बराकीवर आली. नोव्हेंबर महिना, पहिला बर्फ पडून गेलेला. त्या एका घरातल्या बाराच्या बारा कुटुंबांची बोचकी बाहेर अंगणात उलटी केली. मेलेल्यांचे फोटो, अस्थींचे डबे, लंगोट, सगळं चिखलात. मालकीणबाईंबरोबर त्यांचा सतरा वर्षांचा मुलगा होता, विद्यार्थ्यांचा काळा कोट घातलेला. शिपायाने आईला विचारलं, ताका नेऊन दिलास याला साक्षीदार कोण? आई म्हणाली, घरातली सूनबाई पाहत होती. सूनबाईंनी मान हलवली, मला आठवत नाही. तेव्हा तो मुलगा पुढे होऊन म्हणाला,

"चोरी झाली म्हणजे हेइशाच असणार. दुसरं कोण?"

फुसाए आईच्या मागे होती. दहा वर्षांची. तिने त्याचा चेहरा पाहून ठेवला. घाबरलेला नव्हता, रागावलेलाही नव्हता. जसा एखादा पोरगा फळ्यावरचं उत्तर सांगतो तसा तो होता.

ताका मिळाला नाही, म्हणून खटलाही झाला नाही. पण आईला गावाने पुन्हा सुई दिली नाही. ती रेल्वेच्या आवारात कोळसा वाहायला जाऊ लागली. बराकीतल्या अकरा कुटुंबांनीही तिच्याशी बोलणं सोडलं. तिच्यामुळे आपली मेलेली माणसं चिखलात पडली, असं ते म्हणत. शेजारची तोमी फुसाएच्याच वयाची, तिच्या आईने एके दिवशी तांदूळ धुतलेलं पाणी मुद्दाम कियोनोच्या पायांवर ओतलं. आईने पाय बाजूला केले नाहीत. बावन्नाव्या वर्षी ती गेली तेव्हा तिच्या नखांत कोळशाचा काळा थर बसलेला होता, घासूनही निघाला नाही.

फुसाए सगळ्यांची नावं लक्षात ठेवून होती. पण काय करायचं ते तिला कळत नव्हतं. काहीतरी हरवलं आणि निरपराध माणसावर आळ आला, एवढंच तिला ठाऊक होतं. त्यापलीकडचं ठाऊक झालं ते यंदा मार्चमध्ये.

*

जुन्या लग्नातले शब्द गोळा करायला ती जिल्हा रुग्णालयात सरांच्या बहिणीकडे, मिसाओबाईंकडे, गेली होती. मिसाओबाई पासष्टच्या, यकृताचा आजार, पिवळ्या पडलेल्या. फुसाएने कार्ड काढलं, पेन काढलं. मिसाओबाई तिच्या हाताकडे बघत राहिल्या.

"तू कियोनोची मुलगी ना? हात तिचेच."

"हो."

"इतकी वर्षं तेइजीच्या शेजारी बसतेस. त्याने कधी सांगितलं का?"

"काय?"

मिसाओबाईंनी परिचारिकेला बाहेर पाठवलं. मग सांगितलं, उशीवर मान तशीच ठेवून. ताका तेइजीनेच नेला होता. सेंदाईतल्या एका माणसाला तो देऊन त्याने जर्मन कॅमेरा घेतला. लग्न झाल्यावर पुढच्या वसंतात त्यांनी भावाच्या कपाटात कॅमेरा पाहिला आणि त्याच्या खाली त्या माणसाचं पत्र. आपल्या आईला दाखवलं. आई म्हणाली, "हेइशाच्या माथी मारलं की प्रश्न मिटतो. आता उकरू नकोस." त्यांनी उकरलं नाही. स्वतः दुसऱ्याच्या किमोनोत लग्न केलं, बाहीपाशी तोकडा.

"त्याच कॅमेऱ्याने त्याने माझा फोटो काढला," मिसाओबाई म्हणाल्या, "आणि मग तुमचे सगळ्यांचे."

फुसाएला कळलं. नगरपालिकेच्या जिन्यात एक मोठा फोटो आहे, 'बराकीतली मुलं, १९५०'. सरांचं नाव त्या फोटोमुळे झालं. प्रदर्शनं, बक्षिसं, टोकियोहून येणारे लोक. त्यात डावीकडून तिसरी मुलगी, हाताने डोळ्यांवर सावली धरलेली, ती फुसाए होती. फोटो काढताना त्याने त्यांना खडीसाखर दिली होती.

"लिहून घे," मिसाओबाई म्हणाल्या. "तुझ्या त्या कार्डावर. मी सही करते. नाहीतर तो म्हणेल ऐकीव आहे."

सहीचं अक्षर सुवाच्य होतं. एप्रिलच्या शेवटी मिसाओबाई गेल्या. अंत्यविधीला सर सगळ्यांत पुढे बसले होते. फुसाए मागच्या रांगेत बसून त्यांच्या मानेकडे बघत होती. आता काय करायचं ते तिला कळलं होतं.

*

पुढच्या बुधवारी तिने चार कार्डं टेबलावर ठेवली. ओबोनाईंनी ती उचलली, आणि त्यांना हळू वाचता येत नसल्याने सगळ्या मजल्यावर ऐकू जाईल असं वाचलं.

"हेइशा. नाम. एक, शिपायांनी राहायचं घर. दोन, कामिनोसावात, युद्धानंतर, त्या घरात ठेवलेली माणसं; गावात काही बिघडलं की ज्यांचं नाव घ्यायचं अशी माणसं. उपयोग. 'हेइशाशी खेळलीस तर घरात घेणार नाही.' शाळेचं फाटक, १९४७, भाताच्या गिरणीच्या मालकीणबाई." त्यांनी पुढचं कार्ड उचललं. "'चोरी झाली म्हणजे हेइशाच असणार. दुसरं कोण?' बराकीचं अंगण, नोव्हेंबर १९४९. बोलणारे, ओरिगासा ते..."

ते थांबले. चष्मा काढून पुसला, परत घातला, आणि तितक्याच मोठ्याने पुढे वाचलं. मग पेढीच्या मालकीणबाईंचं, माथी मारायचं वाक्य. सांगणारी मिसाओ, सही. प्रसंगाच्या रकान्यात दोन ओळी: ताका बोलणाऱ्यानेच नेला होता. त्याच्या मोबदल्यात कॅमेरा घेतला.

खालच्या मजल्यावर कुणीतरी पुस्तकांची ढकलगाडी थांबवली होती, तिचं चाक किरकिरायचं बंद झालं.

"सर, हे खरं?" देवळाच्या काकूंनी विचारलं.

सर कार्डाकडे बघत होते. "जिवंत माणसांची नावं... औचित्याचा प्रश्न येतो," ते म्हणाले.

"पहिल्या खंडात टोफूवाला यासु आहे," फुसाए म्हणाली. "दारू पिऊन बायकोला काय म्हणाला ते तुम्ही नाव घालून छापलंत. तो जिवंत आहे. तो विनवायला आला होता तेव्हा तुम्ही त्याला पोरक्या मुलाचं सांगितलंत. मी चहा देत होते."

"ते वेगळं."

"कसं वेगळं, सर?"

ओबोनाई म्हणाले, "माझं मत, राहू द्या. मी तेव्हा पोस्टात उमेदवार होतो. बराकीची पत्रं मी शेवटी वाटायचो, सगळ्यात शेवटी. मुद्दाम. तेही लिहून घ्या हवं तर." काकूंनी मालकीणबाईंचं कार्ड जवळ ओढलं. मग म्हणाल्या, "मालकीणबाईंच्या अस्थी आमच्या देवळात आहेत. त्यांचं नाव नको, नुसतं 'आई' लिहा. सरांचं राहू द्या."

सरांनी दोन आठवड्यांचा अवकाश मागितला. अध्यक्षांचा शिक्का त्यांच्या खिशात होता, त्याच्याशिवाय पान छापखान्यात जात नव्हतं.

*

आठव्या दिवशी ते फुसाएच्या घरी आले. हातात मिठाईचा खोका, दोन्ही हातांनी पुढे धरलेला. फुसाएने खोका घेतला नाही, आत मात्र घेतलं. सर जमिनीला कपाळ टेकून वाकले आणि तसेच राहिले.

"मी सतरा वर्षांचा होतो," ते म्हणाले.

"मी दहा."

"रोज मनात यायचं, सांगावं. मग वर्षं गेली. मग वाटलं, निदान फोटो काढून तुम्हा लोकांची आठवण तरी राखली."

"ज्या कापडाचा आळ आमच्यावर आला त्याच कापडातून तुम्ही आमची आठवण काढलीत," फुसाए म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. इतके महिने हे बोलायचं ठरवून ठेवलेलं असल्यासारखं ते सरळ बाहेर आलं. "वर बघा, सर. मला तुमची टाळू बघायची नाही."

त्यांनी वर पाहिलं. डोळे ओले होते. फुसाएला बरं वाटलं, आणि आपल्याला बरं वाटतंय याची तिला लाज वाटली नाही.

"मला क्षमा करा."

"क्षमा माझ्याकडे नाही. आईकडे होती, ती गेली. बाकी अकरा घरं आहेत, ज्यांची बोचकी चिखलात उलटी केलीत." तिने ड्रॉवरमधून कागद काढला. गेल्या दोन महिन्यांत तिने पत्ते शोधले होते: कोणी इथेच, कोणी आकितात, एक होक्काइदोला. "त्यांच्याकडे जा. दारात उभे राहा, तुम्ही कोण ते सांगा आणि काय केलंत ते सांगा. सगळं. कॅमेऱ्यासकट. आणि माझ्या आईने काही नेलं नव्हतं, हे प्रत्येकाला वेगळं सांगा."

सरांनी कागद घेतला, बराच वेळ वाचला. "मी गेलो, तर... ती नोंद?"

"नोंद राहणार."

"मग जाऊन काय?"

"जाऊ नका. प्रसंगाच्या रकान्यात अजून एक ओळ बसते. मी लिहीन, सांगूनही गेले नाहीत."

सरांनी खिशातून शिक्का काढला. तिने पान पुढे केलं, लाल शाईचं डबडं उघडलं. शिक्का जरा तिरका उमटला. मिठाईचा खोका घेऊन ते निघाले, दारात बूट घालताना त्यांना बराच वेळ लागला. फुसाएने बूट घालायची पट्टी दिली नाही.

*

ते गेले. कधी बसने, कधी गाडीने, त्या हिवाळ्याभर. प्रत्येक घरून फुसाएला फोन येई.

आकिताच्या म्हाताऱ्याने दार लावून घेतलं आणि सर बर्फात तासभर उभे राहिले. म्हाताऱ्याच्या सुनेनेच फोनवर सांगितलं, "सासरे खिडकीतून बघत होते. म्हणाले, उभा राहू दे." फुसाएने त्या दिवशी जेवताना दुसऱ्यांदा भात घेतला, वर सार्डिन मासा घेतला, आणि गाढ झोपली.

होक्काइदोच्या बाईने त्यांना सगळं सांगू दिलं आणि मग विचारलं, "माझ्या नवऱ्याच्या अस्थींचा डबा फुटला होता त्या दिवशी. अर्ध्या अस्थी चिखलातून वेचल्या. बाकीच्या कुठे आहेत, सर?" बाईने पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदाही विचारलं. फोनवर ती फुसाएला म्हणाली, "मला उत्तर नकोच होतं. त्यांना फक्त विचारायचं होतं."

पण फोनवर लोक आणखीही बोलत. पंचेचाळीस वर्षं ज्यांनी कियोनोला चोर मानलं होतं तेच आता रडत. एकजण म्हणाला, तुझ्या आईला आम्ही पाण्याच्या रांगेत शेवटी उभं करायचो. फुसाए ऐकून घेई. 'असू दे' असं एकालाही म्हणाली नाही. एकाने विचारलं, "आता आम्ही काय करायचं?" ती म्हणाली, "काही नाही. आठवत राहा."

सगळ्यात शेवटी सर तोमीकडे गेले. तोमी गावातच राहायची, नूडल्सचं दुकान चालवायची. संध्याकाळी तिचा फोन आला.

"आले होते गं. गुडघे सुजलेत त्यांचे. सगळं सांगितलं, उभ्यानेच. मी म्हटलं, बसा."

"बसा?"

"आणि दोन वाडगे नूडल्स दिले. दोन्ही संपवले. बाहेर इतकं गारठलेलं..."

"तू त्यांना जेवू घातलंस."

"फुसाए, माझ्या आईने तुझ्या आईच्या पायांवर पाणी ओतलं होतं. मी बघत होते, हसले होते. मी कोणत्या तोंडाने त्यांना दारात उभं ठेवू?"

फुसाएने फोन ठेवला. ती दोन महिने तोमीशी बोलली नाही. दुकानासमोरून जायचं टाळून ती लांबच्या रस्त्याने वाचनालयात जाई. तिला सरांपेक्षा तोमीचा राग आला होता, आणि हा राग कुठे ठेवायचा ते कळत नव्हतं, कारण त्यासाठी कार्ड नव्हतं.

मेमध्ये खंड छापून आला. छापखान्याच्या पोराने या वेळी अक्षरं बरोबर जुळवली होती. प्रकाशनाला सर आले नाहीत. ते सेंदाईला मुलीकडे राहायला गेले होते, पेढीचं दुकान पुतण्याने अर्ध्या भावात विकायला काढलं होतं असं लोक म्हणत. जिन्यातला फोटो उतरवावा असं नगरपालिकेने सुचवलं. फुसाए म्हणाली, राहू द्या, फक्त खालची पाटी बदला. नव्या पाटीवर मुलांची नावं आली, सगळ्या चौदांची. फोटो काढणाऱ्याच्या नावापुढे कोशाचा पृष्ठक्रमांक आला.

प्रकाशनानंतरच्या आठवड्यात प्राथमिक शाळेच्या एका तरुण बाईंचा फोन आला. पाचवीच्या वर्गात गावच्या बोलीचा धडा घ्यायचा होता. त्यांनी चाचरत विचारलं, "शिराटोबाई, हेइशा या शब्दाचे उपयोग... ते मुलांसमोर वाचणं योग्य होईल का? त्यांतली एक मुलगी ओरिगासा सरांची नात आहे, इथेच राहणाऱ्या त्यांच्या मुलाची."

"तिलाच वाचायला सांगा," फुसाए म्हणाली. डावीकडून तिसरी मुलगी तिच्या डोळ्यांपुढे आली, ऊन सहन न होणारी. "नको," ती म्हणाली. "तुम्ही वाचा. तिला पहिल्या बाकावर बसवा, आणि आजोबांचं नाव पूर्ण वाचा."